दातांचं दुकान

लकडगंजात, आरामशीनच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान आहे. पाटी नाही.
दाराला एक गोल पातं टांगलंय, गंजकं,
वाऱ्यानं वाजतं. गिऱ्हाईक तेवढ्यावर येतं.

धार लावतो मी.
कुऱ्हाड, कोयता, रंध्याचं पातं,
आणि आता जास्त करून चेनसॉच्या साखळ्या.
अठरा इंची बारला छत्तीस दात,
माणसापेक्षा चार जास्त.
अठरा डावीकडे बघणारे, अठरा उजवीकडे.
छत्तीसचा आकडा खरा,
पण खोडात शिरताना कुणी मागे राहत नाही.

गोल कानस. पुढे जाताना घासायची,
मागे येताना उचलायची.
मागे घासली की कानस मरते.
बाबा हे सांगायचे तेव्हा मला वाटायचं
ते कानशीबद्दलच बोलताहेत.

त्यांचा दोनमाणशी आरा भिंतीवर आहे.
एक मूठ काळी, त्यांच्या घामानं.
दुसरी बरीच उजळ. त्या बाजूची माणसं बदलत गेली.
आरा फक्त ओढायचा;
ढकलला की पातं वाकतं
आणि समोरचा शिव्या देतो.

साखळीला चिकटलेला भुसा हुंगून झाड सांगतो मी.
कडसर, पिवळट, तो निंब.
तांबूस आणि तुरट, ती बाभूळ.
पिंपळाचा चीक दातांच्या बेचक्यात गोळा होतो.
सागाचा आला
तर कुठला ते विचारत नाही.

परवा संतू उईके आला. डोक्यावरचं ऊन,
गालात खर्रा. मशीन बाकावर ठेवून म्हणाला,
"दात बसले राजा. निंबात लोखंड होतं."
"कुठला निंब?"
"सक्करदऱ्याकडचा. रोड रुंद करून राह्यले न.
मी बिजागरीले दोन बोटं ठेवली होती,
पडला सुतासारखा. पण पडायच्या आधी हे खाल्लं."
खिशातून त्यानं अर्धा खिळा काढला.
कापलेलं तोंड चकचकीत, बाकी काळाठिक्कर.

माझ्याकडे बिस्किटांचा एक डबा आहे,
झाडांनी गिळलेल्या वस्तूंचा:
छर्रे, सायकलच्या चेनची कडी, पाट्यांचे खिळे,
दोरीच्या जागी बांधलेली तार,
एक घुंगरू. ते कसं गेलं, माहीत नाही.

"किती उंचीवर लागलं?"
संतूनं गुडघ्याला हात लावला.

झाड शेंड्याकडे वाढतं.
खिळा जिथं ठोकला तिथंच राहतो,
साल त्याच्यावरून पुढे निघून जाते.
मोठी माणसं छातीशी ठोकतात, हात उंचावून ठोकतात.
गुडघ्याशी कोण ठोकतं?

खिळा दोन ठिकाणी वाकला होता.
हातोडी कुणी दिली नसेल. दगड असेल.

"सालीपर्यंत वर्तुळं किती होती रे?"
"मोजायले कोण बसते बाप्पा,
साहेब डोक्यावर उभा. असतील चाळीसेक."

चाळीस आणि चार-पाच.
त्या भागात मी कधी राहिलो नाही,
म्हणजे तो मी नव्हे.
तरी डाव्या अंगठ्याच्या नखाकडे बघितलं.

मग कामाला लागलो.
एक दात तुटला की बाकीचे पस्तीस
त्याच्याएवढे आखूड करावे लागतात,
नाहीतर साखळी एका बाजूला ओढते,
काप वाकडा जातो.
इथे सात तुटले होते. सगळ्यांत आखूड
तो शोधला, खडूनं खूण केली,
आणि चांगले दात घासायला घेतले.

संतू बाकावर झोपला, तोंड उघडं.
कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता खडखडत होता.
पाचला उठवलं.
"किती?"
"ऐंशी."
"सत्तर घे. उद्या त्याच लायनीत तीन झाडं आहेत,
तुझ्याकडंच येतो."
सत्तर घेतले.

खिळा डब्यात टाकायचा राहिला.
कानशींच्या खोक्यात पडलाय कुठंतरी.
पाच नंबरची शोधताना
मधूनच बोटाला लागतो.